डॉक्टरांची विधानसभा: पक्षाचे तिकीट की अपक्ष अर्ज?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी विधानसभा लढवायचे ठरवले, तर पहिला प्रश्न तिकिटाचा येतो. कागदोपत्री फरक किरकोळ आहे: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचे नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला 10 लागतात, 40 लाखांची खर्चमर्यादा दोघांनाही सारखीच.

खरा फरक प्रचारात पडतो. पक्षाच्या उमेदवाराला ओळखीचे चिन्ह, बूथवर बसणारी माणसे आणि स्टार प्रचारकांच्या सभा मिळतात. हातकणंगल्यातून डॉ. सुजित मिणचेकर 2009 आणि 2014 मध्ये निवडून आले, ते शिवसेनेच्या उमेदवारीवर. अपक्षाला मात्र चिन्ह मिळते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, आणि उरलेल्या दोनएक आठवड्यांत ते गावोगाव पोहोचवावे लागते. केसपेपर हातात धरून बाकावर बसलेला पेशंट डॉक्टरांना ओळखतो, पण त्याच्या वाडीवस्तीवर ते चिन्ह सांगणार कोण?

कोल्हापूर जिल्ह्याला अपक्षांचे वावडे नाही, हेही खरे. 2019 मध्ये इचलकरंजीतून प्रकाश आवाडे आणि शिरोळमधून राजेंद्र पाटील-यड्रावकर अपक्ष म्हणून जिंकले. यड्रावकर तर पुढे आरोग्य राज्यमंत्री झाले. परंतु या दोघांच्या पाठीशी साखर कारखान्यांचे आणि संस्थांचे जाळे होते, डॉक्टरांच्या पाठीशी फार तर ओपीडी असते.

त्यामुळे माझा कल तिकिटाकडे आहे. ‘आधी अपक्ष निवडून येऊ, पक्षाचे नंतर बघू’ हा हिशेबही चालत नाही, कारण निवडून आलेल्या अपक्षाने पक्षप्रवेश केल्यास राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार तो अपात्र ठरतो.