नाट्यगृहाचा म्हणून लावलेला फोन आणि माझे ४७,१३९ रुपये

मंगळवार, २८ ऑक्टोबर रोजी सकाळी ११.१० ते ११.५२ या बेचाळीस मिनिटांत माझ्या बचत खात्यातून ४७,१३९ रुपये गेले. नाटकाची चार तिकिटे काढण्याच्या निमित्ताने ते गेले, आणि प्रत्येक वेळी पिन मीच टाकला. हे लिहिताना मला अतिशय लाज वाटते आहे. तरीही लिहितो, कारण ज्या क्रमांकामुळे मी फसलो तो क्रमांक आजही नकाशाच्या अ‍ॅपमध्ये त्या नाट्यगृहाच्या नावाखाली तसाच दिसतो आहे. पुढचे दोन महिने पुण्यात नाटकांचे आणि गाण्याच्या मैफलींचे आहेत. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, त्याच्या आगेमागे लहानमोठे कितीतरी कार्यक्रम असतात, आणि या दिवसांत तिकिटांसाठी फोन फिरवणारी माझ्यासारखी शेकडो माणसे असतात.

माझी आई ८१ वर्षांची आहे. तिचे बालपण सांगलीत गेले. १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिला नाट्यप्रयोग केला म्हणून तो मराठी रंगभूमी दिन, हे तिने आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबर शिकवले होते. गुडघ्यांमुळे गेली तीन वर्षे तिला एकही नाटक पाहता आलेले नाही. यंदा दिवाळीला नाशिकची ताई आली, तेव्हा आईने स्वतःहून सांगितले की एक संगीत नाटक पुन्हा समोर बसून पाहायचे आहे. रविवारच्या वर्तमानपत्रात २ नोव्हेंबरच्या सायंकाळच्या प्रयोगाची जाहिरात होती. तिच्यात ‘तिकीटविक्री चालू’ एवढेच होते, फोन नंबर नव्हता. आईला पायऱ्या चढाव्या लागू नयेत आणि दाराजवळची कडेची खुर्ची मिळावी, हे आधी बोलून ठरवायचे होते. म्हणून मी नाट्यगृहाचे नाव मोबाइलवर शोधले. नाट्यगृहाचा फोटो, पत्ता, वेळ, सगळे बरोबर होते. खाली नंबर होता. तो मी लावला.

यात बेफिकिरी कुठे झाली, हे मी अनेक वेळा तपासून पाहिले आहे. मी कोणत्याही अनोळखी संदेशातील दुवा उघडला नव्हता, मला कोणाचा फोन आला नव्हता, कोणी बक्षिसाचे आमिष दाखवले नव्हते. फोन मी केला होता. ‘तुम्हाला फोन येईल, त्याला भुलू नका’ हेच आम्हाला इतकी वर्षे सांगितले गेले; आपण केलेल्या फोनच्या पलीकडेही चोर बसलेला असू शकतो, हे कोणी सांगितले नव्हते. त्या नकाशांवर एखाद्या ठिकाणच्या माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो, हे मला पैसे गेल्यानंतर कळले. नाट्यगृह, रुग्णालय, बँक, कुरिअर, कोणाचाही नंबर तिथून घेऊ नका. तिकिटावर, संस्थेच्या पावतीवर किंवा प्रत्यक्ष खिडकीवर लावलेला नंबरच लिहून ठेवा.

आता तो क्षण सांगतो, ज्याची आठवण अजूनही रात्री झोपू देत नाही.

मी बालगंधर्व रंगमंदिरात १९८४ पासून नाटके पाहतो आहे. भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक मंदिर येथे तर महिन्यातून दोनदा जाणे होत असे. नाटकाला जाणाऱ्या माणसाला ‘प्लॅन’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. खिडकीच्या आत आसनांचा छापील तक्ता असतो, विकलेल्या खुर्च्यांवर फुली मारलेली असते, आणि ‘प्लॅन उघडला का’, ‘प्लॅनमध्ये मधली रांग शिल्लक आहे का’ असेच आपण विचारतो. त्या दिवशीही मी सवयीने तेच विचारले: “प्लॅनमध्ये दाराकडच्या बाजूला चार खुर्च्या सलग आहेत का?” पलीकडचा माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, कोणता प्लॅन हवा आहे? सिल्व्हर की गोल्ड?”

नाट्यगृहाच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला प्लॅन ठाऊक नाही, असे होऊच शकत नाही. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मला ते खटकले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. न खटकल्याचे खोटे समाधानही माझ्याकडे नाही. पण मी स्वतःची समजूत घातली की आता सगळीकडे नव्या पद्धती आल्या आहेत, कंत्राटावर नवी मुले घेतली आहेत, आपण जुनी माणसे आहोत. त्या माणसाच्या अज्ञानाचा खुलासा मीच माझ्या मनात तयार केला. आई शेजारी पलंगावर बसून ऐकत होती आणि “कडेचीच माग रे” असे खुणेने सांगत होती, त्यामुळे फोन मध्येच तोडण्याचा विचारही मनाला शिवला नाही.

दुसरी खूण याहून ठळक होती. पूर्वी फोनवर नाव नोंदवले की प्रयोगाच्या अर्धा-पाऊण तास आधी खिडकीवर पैसे देऊन तिकिटे उचलायची असत. आगाऊ पैसे मला कधीही मागितले गेले नव्हते. या माणसाने ‘ज्येष्ठ नागरिकांच्या राखीव खुर्च्या’ म्हणून प्रत्येकी ४०० प्रमाणे १,६०० रुपये लगेच मागितले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर एका स्त्रीचे वैयक्तिक नाव दिसले. मी विचारले, तर उत्तर आले, “कॅशिअर मॅडमचे खाते आहे सर, मुख्य खात्याचे काम चालू आहे.” मी एकतीस वर्षे लेखा विभागात नोकरी केली आहे. संस्थेची जमा रक्कम कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जात नाही, हे मी स्वतः कनिष्ठांना शिकवले आहे. तरीही मी १,६०० रुपये पाठवले. वेळ ११.१६. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर जे नाव येते ते वाचा, आणि ते नाव संस्थेचे नसेल तर कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पैसे ‘अडकले’, म्हणून ११.२१ ला पुन्हा १,६०० गेले. मग दोन्ही रकमा परत करण्यासाठी ‘रिफंड विभागा’चा दुसरा माणूस फोनवर आला. त्याने नवा कोड पाठवला आणि रकमेच्या चौकटीत ‘रिफंड क्रमांक’ म्हणून १८९४० हे आकडे टाकायला सांगितले. ते आकडे म्हणजे क्रमांक नव्हे, रक्कमच होती. ११.३८ ला १८,९४० रुपये गेले. मी ओरडलो, तेव्हा त्याने अत्यंत शांतपणे चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि ‘एकत्रित परतावा’ म्हणून २४९९९ टाकायला लावले. वेळ ११.४९.

पिन का टाकला, असे मला आजवर किमान दहा जणांनी विचारले आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे वाक्य मलाही पाठ होते. पण पैसे पाठवण्याच्या याच अ‍ॅपमध्ये खात्यातील शिल्लक नुसती पाहायची असली तरी पिन टाकावा लागतो. रोज शिल्लक पाहणाऱ्या माणसाच्या बोटांना पिनची इतकी सवय होते की तो चौकोन समोर आला की आकडे आपोआप दाबले जातात. शिवाय तो माणूस सतत बोलत होता, एक क्षणही गप्प बसत नव्हता. ११.५२ ला हिने स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातातून फोन काढून घेतला. पैशांच्या व्यवहाराच्या वेळी समोरचा माणूस ‘फोन ठेवू नका’ म्हणाला, तर लगेच ठेवावा.

यानंतर जे घडले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा जास्त आहे.

मी आधी बँकेच्या मदतक्रमांकावर फोन केला, ही माझी आणखी एक चूक. तिथे भाषा निवडा, खाते प्रकार निवडा, कार्डाचे शेवटचे चार आकडे दाबा, यात २६ मिनिटे गेली आणि शेवटी ‘शाखेत जा’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती आधी नोंदवायला हवी होती, कारण तिथे नोंद होताच पैसे ज्या खात्यात गेले ती गोठवण्याची सूचना पुढे जाते, आणि चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकवत असताना प्रत्येक मिनिट मोजावे लागते. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. चारही व्यवहारांचे क्रमांक शोधण्यात माझी आणखी सहा मिनिटे गेली.

शाखेत गेलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी माझा अर्ज वाचण्यापूर्वीच सांगितले की पिन तुम्ही टाकला आहे, त्यामुळे बँकेचा काही संबंध नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक त्यांनी मलाच ऐकवले की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाने सोसायचे असते. परिपत्रक मलाही वाचता येते. कळवल्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी बँकेची असते, हे त्यातील पुढचे वाक्य आहे, आणि म्हणूनच माझ्या अर्जावर तारीख आणि वेळेसह पोच हवी होती. ती देण्यासाठी मला एक तास दहा मिनिटे बसवून ठेवले. ‘साहेब जेवायला गेले आहेत’ हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितले. बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तुम्हीही पहिल्याच दिवसापासून प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी आश्वासन लोकपालापुढे दाखवता येत नाही.

आमच्या भागातील पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. पहिल्या दिवशी सांगितले की ऑनलाइन तक्रार झाली आहे ना, मग वाट पाहा. दुसऱ्या दिवशी सांगितले की हे काम सायबरवाल्यांचे आहे, तिकडे जा; तिकडून सांगितले की एवढ्या रकमेची तक्रार स्थानिक ठाण्यातच घेतली जाते. तिसऱ्या दिवशी पावणेदोन तास बाकावर बसल्यावर ज्यांनी अर्ज हातात घेतला, ते म्हणाले, “काका, नाटकाच्या तिकिटाला कोणी सत्तेचाळीस हजार देतं का?” आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. मी चोरी केली नव्हती, माझ्याकडे चोरी झाली होती. तरीही त्या खोलीत मान खाली घालून उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली. अशा प्रसंगी लोक तक्रार का करत नाहीत, याचे उत्तर त्या बाकावर बसल्यावर मिळते. माझ्या रकमेपैकी ३,२१० रुपये एका खात्यात अडवले गेले आहेत, एवढे मला कळले. ते मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागेल, असेही तेव्हा तिथे सांगितले गेले. आदेश कोणत्या अर्जावर आणि कोणाकडे मागायचा, हे मात्र तिथे उपस्थित असलेल्या चौघांपैकी एकालाही सांगता आले नाही.

आणि नाट्यगृह. त्यांचे नाव मी लिहीत नाही, पण त्यांना दोषमुक्तही करत नाही. बुधवारी सकाळी मी स्वतः खिडकीवर गेलो. आतल्या गृहस्थांनी प्लॅन पुढे केला. दाराकडच्या कडेच्या खुर्च्या शिल्लक होत्या, साध्या तिकिटाच्या, कोणत्याही राखीव दराशिवाय. मी घडलेला प्रकार सांगितला, तेव्हा ते म्हणाले की आधी आणखी तिघे असेच येऊन गेले, नकाशावरचा नंबर बऱ्याच दिवसांपासून चुकीचा आहे. मी विचारले, मग इथे सूचना का लावली नाही? त्यांनी व्यवस्थापकांकडे बोट दाखवले. व्यवस्थापकांनी सांगितले की तसा फलक लावायचा तर वरून मंजुरी लागते. एका कोऱ्या कागदावर ‘नाट्यगृह फोनवर किंवा क्यूआर कोडने पैसे घेत नाही’ असे हाताने लिहून काचेवर चिकटवायला कोणाची मंजुरी लागते? तिघांचे पैसे गेल्यावर तो कागद लागला असता, तर मी निदान खिडकीवर जाऊन आलेल्या कोणाकडून तरी ते ऐकले असते. निर्मात्यांनीही वर्तमानपत्रातील जाहिरातीत तिकिटे नेमकी कुठे आणि कशी मिळतील, हे एका ओळीत छापायला हवे. अर्धवट जाहिरात देऊन प्रेक्षकाला शोधत सोडले की तो ज्या हातात सापडायचा त्याच हातात सापडतो.

चार तिकिटे मी तिथेच रोख १,६०० रुपये देऊन घेतली. रविवारी आईला घेऊन गेलो. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली, आणि ती पहिल्या सुरापासून हलक्या आवाजात बरोबर म्हणत होती. पैशांचे तिला अद्याप सांगितलेले नाही. नाटकाच्या वाटेवर माझ्याच हौसेपायी पैसे गेले असे तिला वाटेल आणि पुढच्या वेळी ती स्वतःहून काही मागणार नाही, या भीतीने सांगवत नाही.

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मी चुकीच्या क्रमांकाची तक्रार तीन वेळा केली आहे. ‘तपासणी चालू आहे’ असे उत्तर तिन्ही वेळा आले. वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या भागातील नाट्यगृहांचे आणि सभागृहांचे तिथले नंबर प्रत्यक्ष खिडकीवरील नंबरांशी ताडून पाहावेत आणि चुकीचा दिसला तर तक्रार करावी. एकापेक्षा अधिक लोकांनी कळवले तर कदाचित तपासणी लवकर संपेल. पोलीस ठाण्यात मला १४ नोव्हेंबरला पुन्हा बोलावले आहे. चारही व्यवहारांचे उतारे, त्या क्यूआर कोडची चित्रे आणि कॉलच्या नोंदी यांच्या प्रत्येकी तीन प्रती मी काढून ठेवल्या आहेत, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय मी उठणार नाही.