हुलुस : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जून महिन्यात सिंगापूरमध्ये चिनी वाद्यांच्या एका दुकानातून मी सी पट्टीचे हुलुस विकत घेतले. लहानपणी पुण्यात पाच-सहा वर्षे पेटी शिकलो होतो, पण फुंकून वाजवायच्या वाद्याशी तोवर कधी संबंध आला नव्हता. दुकानात कोणीतरी ते वाजवून पाहत होते. सनईसारखा धारदार नाही, बासरीसारखा मोकळाही नाही, असा तो किंचित नाकातला आणि मऊ आवाज ऐकून मी थांबलो, आणि अर्ध्या तासाने वाद्य घेऊनच बाहेर पडलो.

हुलुस हे मूळचे चीनच्या नैऋत्येकडील युन्नान प्रांतातले, विशेषतः म्यानमारच्या सीमेलगतच्या दहोंग भागातल्या दाई लोकांचे वाद्य आहे. चिनी भाषेत ‘हुलु’ म्हणजे भोपळा. वाळवलेल्या छोट्या भोपळ्याच्या देठाकडून फुंकायचे आणि बुडाशी बसवलेल्या तीन बांबूच्या नळ्यांतून सूर काढायचे, एवढीच त्याची रचना. मधल्या नळीला पुढे सहा आणि मागे एक छिद्र असते. बाजूच्या दोन नळ्या फक्त भरणा, म्हणजे मागे सतत घुमणारा एकच स्वर, देतात; त्यांची बुचे काढली की तो सुरू होतो. डहाणू-जव्हारकडचा वारल्यांचा तारपा किंवा गारुड्याची पुंगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना भोपळा आणि नळ्यांची ही जोडणी ओळखीची वाटेल. फरक आतल्या जिभेचा आहे. पुंगीची जीभ नळीच्या तोंडावर आपटते. हुलुसची पितळी जीभ चौकटीच्या फटीतून आरपार, कशालाही न आपटता हलते, म्हणजे पेटीच्या सुरासारखी.

तरीही पेटीवाल्याला पहिला धक्का इथेच बसतो. पेटीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र पट्टी असते आणि तिचा स्वर ठरलेला असतो. इथे मधल्या नळीत एकच जीभ असून सगळे स्वर तिच्यातूनच निघतात, कारण छिद्रे उघडझाप केल्यावर नळीतल्या हवेचा स्तंभ लहान-मोठा होतो आणि जिभेला आपल्या मागे ओढून नेतो. याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे मींड. बोट छिद्रावरून सावकाश सरकवत उचलले की एका स्वरावरून दुसऱ्यावर खरोखरच घसरत जाता येते. पेटीवर ज्या जागा आम्ही आयुष्यभर नुसत्या सुचवत आलो, त्या इथे तिसऱ्या महिन्यात, वेड्यावाकड्या का होईना, हाताला लागल्या.

तोटाही त्याच रचनेतून येतो. बासरीवर फुंक बदलून वरचे सप्तक काढतात, तसे इथे निघत नाही. सगळी छिद्रे झाकून फुंक अगदी हलकी केली तर नेहमीच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली एक ‘मी’ मिळतो (पाश्चात्य डो-रे-मी-फा-सो-ला-ती मधला; सी पट्टीत ‘डो’ म्हणजे पेटीची पांढरी एक). वर दुसऱ्या ‘ला’पर्यंत जाता येते, आणि पुढे रस्ता बंद. हा पल्ला दीड सप्तकाचाही नाही, हे घेण्याआधी नीट समजून घ्यावे.

मी सुरुवातीला सवयीने पांढरी एक हा षड्ज धरून भूप वाजवायला गेलो. तार षड्ज वाद्यात नाहीच, त्यामुळे आरोह धैवतावर येऊन लटकत राहिला, आणि भरणा उघडला तर कानात गंधार-धैवत घुमू लागले. महिनाभर वैतागल्यावर लक्षात आले की चूक वाद्याची नव्हती. माझ्या हुलुसच्या भरण्याच्या नळ्या ‘मी’ आणि ‘ला’ देतात. ‘ला’ला, म्हणजे पांढरी सहाला षड्ज मानले की ‘मी’ आपोआप पंचम होतो आणि भोपळ्यातच षड्ज-पंचमाचा तानपुरा तयार होतो. मंद्र पंचम, मंद्र निषाद आणि वर पूर्ण एक सप्तक मिळते, आणि दाई धुनांमधले ते पाच स्वर आपल्या कानाला थेट धानी रागाचे ऐकू येतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. त्या दिवसापासून मी रोज धानीच वाजवतो आहे. शुद्ध गंधाराचा हट्ट धरणाऱ्याने हे वाद्य घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

फुंकेबद्दल सविस्तर सांगायला हवे. पहिले दोन आठवडे माझी फुंक एकतर इतकी हलकी होती की सूर लागतच नसे, किंवा इतकी जोरकस की जीभ गुदमरून गप्प होई. श्वास छातीतून न सोडता पोटातून सोडावा, गाल फुगवू नयेत आणि प्रत्येक स्वराची सुरुवात जिभेने ‘तु’ म्हटल्यासारखी करावी, हे माझ्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते अंगवळणी पडायला नोव्हेंबर उजाडला. फुंक डळमळली की स्वरही हलतो, म्हणून मी रोज दहा मिनिटे एकच स्वर तानपुऱ्याच्या अ‍ॅपसोबत धरून ठेवतो. दोन्ही भरणे उघडल्यावर हवा फार लागते, तेव्हा नवशिक्याने त्यांची बुचे पहिले तीन महिने काढूच नयेत. वाद्य ओढून, म्हणजे श्वास आत घेत वाजवायचे नाही, हेही लक्षात ठेवावे. ती मुभा हुलुसच्या थोरल्या भावाला, शंग या दुसऱ्या चिनी वाद्याला आहे.

शिकण्याच्या पुस्तकातली चिनी अंकलिपी मात्र आपल्याला अजिबात जड जात नाही. 1 ते 7 हे आकडे म्हणजे स्वर, वर टिंब म्हणजे तार, खाली टिंब म्हणजे मंद्र. भातखंडे पद्धतीची सवय असलेला माणूस अर्ध्या तासात ती वाचू लागतो.

आता तक्रार. दुकानदाराने दोन्ही भरणे चालू असल्याची खात्री दिली होती, परंतु घरी आल्यावर दुसरी नळी नुसती शोभेची निघाली. स्वस्त हुलुसांत असे सर्रास असते, हे मला नंतर कळले. वाद्य बदलून मिळाले, तरी दोन शनिवार गेले. घेताना प्रत्येक बूच स्वतः काढून ऐकावे, भरण्याचा ‘ला’ मधल्या नळीच्या ‘ला’शी जुळवून पाहावा आणि नळ्या भोपळ्यात बसवलेल्या जागी हवा निसटत नाही ना, हे गालाजवळ धरून तपासावे.

निगेचे म्हणाल तर ओलावा हाच याचा शत्रू आहे. पंधरा-वीस मिनिटे वाजवल्यावर जिभेवर वाफेचे थेंब साचतात आणि आवाज बसतो; अशा वेळी आणखी जोराने न फुंकता थांबावे, आणि वाजवून झाल्यावर लगेच पेटाऱ्यात न ठेवता तासभर मोकळ्यावर सुकू द्यावे. कोरडेपणाही सोसत नाही. डिसेंबरमध्ये पुण्याला नेले तेव्हा तिथल्या थंडीत भोपळ्याला देठाजवळ केसाएवढी चीर गेली. ती मी मेणाने बुजवली आणि तूर्त ती टिकली आहे. पण प्रवास बराच असेल तर प्लास्टिकच्या भोपळ्याचे हुलुस घेण्यात कमीपणा मानू नये.

त्याच पुण्याच्या मुक्कामात आई धानीतली एक बंदिश सोबत गाऊ लागली आणि तार षड्जाला अडखळली, कारण तिची पट्टी पांढरी पाच. त्यामुळे आता बी फ्लॅटचे दुसरे हुलुस बघतो आहे. त्याचा ‘ला’ बरोबर पांढरी पाचवर येतो.