चिंक्वेचेंतोत अर्धा दिवस : लिव्होर्नो ते कास्तिल्योन्चेल्लो

ही गाडी किल्ली फिरवून सुरू होत नाही. किल्लीने फक्त दिवे लागतात. दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यामागे, अगदी खाली दोन बारक्या कांड्या आहेत. एक चोकची, एक स्टार्टरची. स्टार्टरची ओढायची, मग मागून इंजिन खोकत खोकत जागं होतं. गाडी भाड्याने देणारा मुलगा हे समजावून सांगत होता, तेवढ्यात मी ओढूनही झाले होते. माझे बाबा गॅरेज चालवायचे. अशा गाड्यांशी बोलायचं कसं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

गाडी १९६८ ची फियाट ५००, इटालियन लोकांची 'चिंक्वेचेंतो'. रंग फिका निळा. लांबी तीन मीटरलाही किंचित कमी, इंजिन ४९९ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवर. अर्ध्या दिवसाचे १६० युरो, शिवाय अनामत वेगळी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट बरोबर ठेवा, आम्हाला पहिल्या मिनिटाला तेच मागितलं.

आधी तक्रार सांगते. शिकवणीला दहा मिनिटं दिली, ती फार कमी आहेत. या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअर बदलताना दात आपोआप जुळवून घेणारी सोय नाही. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. बाबा याला डबल क्लच म्हणायचे, तिथे 'दोप्पिएत्ता' म्हणतात. ज्याला हे येत नाही त्याला चढावर घाम फुटेल. आमच्या आधीचं एक जोडपं पार्किंगमधूनच परत आलं, त्यांचे चेहरे बघून वाईट वाटलं. दुसरं म्हणजे, या गाडीत हीटरची गरम हवा मागच्या इंजिनाकडून मधल्या बोगद्यातून येते आणि आमच्या गाडीची ती झडप नीट बंद होत नव्हती. जुलैच्या दुपारी पायांशी गरम झोत! भाड्याने देण्याआधी हे तपासायला हवं होतं.

पण छत. कापडाचं छत मागे गुंडाळलं आणि सगळं माफ झालं.

लिव्होर्नो हे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. त्याच्या दक्षिणेला जुना आउरेलिया रस्ता समुद्राला चिकटून जातो. घाईची वाहतूक आतल्या नव्या मार्गाने निघून जाते, त्यामुळे या वळणांवर चाळीसने गेलं तरी फारसं कोणी हॉर्न वाजवत नाही. कालाफुरियाचा दगडी बुरूज, खाली सपाट खडकांवर टॉवेल टाकून पडलेली माणसं, मग क्वेर्चानेल्ला, आणि पुढे पाइनच्या झाडांमधलं कास्तिल्योन्चेल्लो. एकेकाळी मास्त्रोयान्नी आणि सोर्दी हे इटालियन सिनेमातले नट इथे उन्हाळा घालवायचे. अंतर पंचवीसेक किलोमीटर. आम्हाला दीड तास लागला, कारण मधे तीनदा नुसतं बघायला थांबलो. इंजिनाचा आवाज इतका, की नवऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी वाकावं लागे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतक्या जवळ तोंड नेऊन 'ते बघ' म्हटलं नव्हतं.

निघण्याआधी लिव्होर्नोत 'चिंक्वे ए चिंक्वे' बांधून घेतलं होतं. पावात चण्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली पोळी, वर मिरपूड. पूर्वी पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांची पोळी मिळायची म्हणून हे नाव, 'पाच आणि पाच'. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खाल्लं. बॉनेटखाली इंजिन नाही, पेट्रोलची टाकी आहे, म्हणून पत्रा सोसवेल इतपतच तापलेला होता.

कास्तिल्योन्चेल्लोच्या पार्किंगमध्ये सत्तरीतले एक गृहस्थ गाडीजवळ थांबले. बरोबर नात होती, तिला इंग्रजी येत होतं. वडील तोरिनोच्या कारखान्यात कामाला, ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला की त्याच रात्री निघायचं, असं त्यांनी सांगितलं. आईवडील पुढे, तीन मुलं मागे, टपावर दोरीने बांधलेली गादी. आपेनिनोच्या घाटात इंजिन निववायला थांबायचे, तेव्हा आई कलिंगड कापायची. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा वडील गाडी बाजूला घेऊन बराच वेळ काही बोलले नव्हते.

मला वाटतं जुन्या इटालियन उन्हाळ्याचं खरं वेड इथे आहे. पोस्टरवर काळा चष्मा आणि रेशमी रुमाल दिसतो, तो मोजक्या लोकांचा. ही गाडी १९५७ च्या जुलैत बाजारात आली ती ४,९०,००० लिरांना. स्वस्त नव्हतीच, पण कामगाराला हप्त्या-हप्त्याने स्वप्न बघता येईल इतपत. फियाटच्या दान्ते जाकोसा या इंजिनिअरने तिचं डिझाइन करताना सगळं इतकं काटकसरीने बसवलं, की आमच्या गाडीत पेट्रोलचा काटासुद्धा नव्हता. टाकी संपत आली की एक दिवा लागतो, बस्स. १९६४ मध्ये मिलानो ते नापोलीचा हमरस्ता पूर्ण झाला आणि कितीतरी घरं अशीच गादी बांधून समुद्राकडे निघाली.

त्या गृहस्थांना मी विचारलं, बसता का? ते बसले. हात बरोबर खाली त्या कांडीवर गेला, न बघता.

भाड्याने घ्यायचीच असेल तर दुपारनंतरची वेळ मागा. टोपी घ्या, पायात बूट घाला, गिअरचा सराव मोकळ्या जागेत आधी करा. आणि दोघं असाल तर एक लक्षात ठेवा : स्टिअरिंग डावीकडे आहे, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र शेजारी बसणाऱ्याचा असतो आणि परतताना चालवणाऱ्याचा. नवऱ्याने विचारलं, थकलीस का, मी घेऊ? मी नाही म्हटलं. सूर्य कालाफुरियाच्या पाण्यावर टेकला होता, आणि तो माझ्या खिडकीत होता.