लॅबजॅक यू३-एचव्ही लिनक्सवर : केळीच्या रायपनिंग चेंबरसाठी घेणाऱ्यांनी वाचा

सावद्याकडे केळीच्या रायपनिंग चेंबरमधलं (केळी पिकवायच्या खोलीतलं) टेम्परेचर बघायला मी लॅबजॅकचा यू३-एचव्ही वापरतो, यूएसबीला लावायचा, सेन्सरचं व्होल्टेज मोजून कॉम्प्युटरला देणारा छोटा डबा आहे, आणि कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. रावेर-यावल-फैजपूर भागात चेंबर भरपूर झालेत म्हणून लिहितोय, कोणाच्या कामी येईल. मला हा डबा आवडला तो त्याच्या सी मधल्या एक्झाम्पल प्रोग्राममुळे. बाजारात मोजमापाचे डबे लय मिळतात पण सोबत विंडोजचं एक सॉफ्टवेअर देतात आणि लिनक्सचं विचारलं की विकणारा तोंडाकडे बघत राहतो. इथं तसं नाही भो, ड्रायव्हरचा सगळा सोर्स एक्सोड्रायव्हर नावानं गिटहबवर आहे, लिबयूएसबी या यूएसबीच्या लायब्ररीवर चालतो, म्हणजे कर्नलमध्ये काही घालावं लागत नाही.

उबंटू किंवा डेबियन असेल तर आधी बिल्ड-इसेन्शियल आणि लिबयूएसबी-१.० चं डेव्ह वालं पॅकेज टाकून घ्या. हे डेव्ह वालं राहिलं की हेडर फाईल सापडत नाही म्हणून कंपायलर थांबतो आणि नवीन पोरांना वाटतं ड्रायव्हरच खराब आहे. मग ड्रायव्हरच्या फोल्डरमधलं इन्स्टॉल डॉट एसएच सुडोनं (अॅडमिनच्या हक्कानं) चालवायचं, ते लायब्ररी पण बनवतं आणि यूडेव्हचा रूल (सुडोशिवाय डबा वापरायची परवानगी) पण बसवतं, आणि त्यानंतर केबल काढून परत लावायची, कारण रूल डबा जोडताना लागतो, हे न केल्यामुळे बरेच जण प्रत्येक प्रोग्राम सुडोनंच चालवत बसतात. एलएसयूएसबी कमांडमध्ये ०सीडी५ (लॅबजॅकचा नंबर) दिसलं की डबा मिळाला समजा. एक्झाम्पल्सच्या यू३ फोल्डरमध्ये जाऊन नुसतं मेक म्हणायचं, झालं. स्वतःचा प्रोग्राम लिहिणार असाल तर यू३ डॉट सी सोबत घ्या आणि लॅबजॅकयूएसबी व मॅथची लायब्ररी कमांडच्या शेवटी, ऑब्जेक्ट फायलींच्या मागं लिहा, नाहीतर अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लागते.

सुरुवात यू३-ईफंक्शन्स नावाच्या एक्झाम्पलपासून करा. डबा उघडणं, त्याच्यातलं कॅलिब्रेशन वाचणं, व्होल्टेज घेणं, सगळं सरळ फंक्शनमध्ये आहे. पण हा प्रोग्राम नुसता वाचत नाही, डॅकवर (व्होल्टेज बाहेर देणाऱ्या आउटपुटवर) व्होल्टेज सोडतो आणि डिजिटल लाइन पण बदलतो, म्हणून रिले वगैरे जोडलेलं असताना आधी कोड वाचा मग चालवा. यू३-फीडबॅक मध्ये एकेक बाइट हातानं भरून चेकसम (चूक पकडायची बेरीज) काढलाय, बघून डोकं गरगरतं, तरी वाचावं, डब्याशी बोलणं कसं चालतं ते तिथंच समजतं.

आता खरी गोष्ट. एचव्ही मॉडेलमध्ये एआयएन० ते एआयएन३ हे चार चॅनल ±१० व्होल्टचे आहेत, डबा १२ बिटचा, म्हणजे एक पायरी (डब्याला कळणारा सगळ्यात छोटा फरक) जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ सेन्सर एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे तिथं लावला तर अर्ध्या डिग्रीच्या उड्या दिसणार. केळीला १३ डिग्रीच्या खाली थंडी बाधते, साल काळपट पडते, आणि पिकवताना साधारण १६ ते १८ मध्ये ठेवायचं असतं, तिथं अर्धी डिग्री म्हणजे लय झाली. तोच सेन्सर एफआयओ४ (डिजिटल किंवा अॅनालॉग करता येणारी लाइन) वर अॅनालॉग करून लावा, तिथं रेंज २.४४ व्होल्टची, पायरी ०.६ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.०६ डिग्री. डबा तोच, वायर तीच, फक्त स्क्रू बदलायचा आणि कोडमध्ये चॅनल नंबर. एलएम३५ ला लांब वायर चालत नाही तशी, त्याच्या आउटपुटजवळ रेझिस्टर आणि कपॅसिटर टाकावा लागतो नाहीतर रीडिंग नाचतं. यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढं नेऊ नका, डबा चेंबरजवळ ठेवा.

कमी पडतं ते आयसोलेशन, म्हणजे विजेचा वेगळेपणा, डब्याचा ग्राउंड आणि कॉम्प्युटरचा ग्राउंड एकच आहे. कंप्रेसरच्या पॅनलमधून काही सिग्नल घ्यायचा असेल तर मध्ये आयसोलेटर टाकल्याशिवाय हात लावू नका.

जळगावकडचे डाळ मिलवाले ड्रायरला के टाइप थर्मोकपल लावतात, त्यांनी यू३ घेऊ नये. थर्मोकपल एका डिग्रीला फक्त ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास देतं, यू३ ची एक पायरी तिथं १५ डिग्रीची होते. त्यांच्यासाठी लॅबजॅकचाच यू६, त्याची एक्झाम्पल्स त्याच एक्सोड्रायव्हरमध्ये शेजारच्या फोल्डरमध्ये आहेत आणि मेक पण तसंच चालतं. लॅबजॅकचे टी४, टी७ घेणार असाल तर त्यांना एलजेएम नावाची वेगळी लायब्ररी लागते, ती तयार बायनरी येते, सोर्स मिळत नाही.