टप उघडायला किती वेळ लागतो? उघड्या गाडीचा हिशेब, ठाणे-नवी मुंबईपुरता

खारघरला राहणाऱ्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, उघडी गाडी घेऊ का गपगुमान सनरूफवाली घेऊ?" पगार बरा आहे, लग्न ठरलंय, सोसायटीत पार्किंग एकच आणि तेही स्टॅकमधलं, म्हणजे गाड्या एकावर एक चढवून ठेवतात तसलं. मी सांगायला लागलो आणि अर्ध्यातच त्याची मीटिंग लागली. राहिलेलं इथे लिहून काढतो. याच विचारात अडकलेले आणखी कोणी असतील तर त्यांच्याही कामाला येईल.

सनरूफचं आधी उरकून टाकू. सनरूफ म्हणजे छताला पाडलेली खिडकी. मान वर केली तरच आकाश दिसतं, आणि चालवणाऱ्याने मान वर करायची नसते. वाऱ्याचं म्हणाल तर चारही काचा खाली केल्या की त्याहून जास्त मिळतो. पोरांना त्यातून उभं करून पाम बीच रोडवरून नेणारे लोक दर रविवारी दिसतात. करकचून ब्रेक लागला तर ते पोर कुठे जाईल, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. बाकी सनरूफवर माझा राग नाही. पावसात काचेवर थेंब फुटताना बघायला छान वाटतं. पण ज्याला उघडी गाडी हवी आहे त्याची तहान त्याने भागत नाही, दोन महिन्यांत तो पडदा ओढून ठेवतो.

आता खऱ्या उघड्या गाड्या. आपल्याकडे डोळ्यासमोर येतात त्या तीन तऱ्हा: जुनी मारुती जिप्सी, महिंद्रा थारचा सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी टप, आणि मिनी कूपर कन्व्हर्टिबल किंवा बीएमडब्ल्यू झेड-फोरसारखी बटणावर उघडणारी. (गोव्यात तयार व्हायची ती सॅन स्टॉर्म, फायबरची बॉडी, दोन सीटची, कुठे सापडलीच तर मला आधी कळवा.) लोक इंजिन विचारतात, अॅव्हरेज विचारतात. मी एकच विचारतो, टप उघडायला किती वेळ लागतो? झेड-फोरला १० सेकंद, तेही ५० च्या वेगापर्यंत चालत्या गाडीत. मिनीला १८ सेकंद, ३० च्या वेगापर्यंत. थारचा टप हाताने, खाली उतरून, पाच-सात मिनिटं. जिप्सीला अर्धा तास आणि एक मदतनीस.

यावरून वाटेल की सगळ्यात जास्त उघडी झेड-फोर राहत असणार आणि सगळ्यात कमी जिप्सी. मी बघितलंय ते नेमकं उलटं.

बाबांनी १९९७ साली पांढरी जिप्सी किंग घेतली, नंबर एमएच ०४. तेव्हा आम्ही नौपाड्यात राहायचो. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे, म्हणजे रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. मागे समोरासमोर दोन बाकडी. मूळचं कॅनव्हास फाटल्यावर बाबांनी एका दुकानातून नवीन शिवून आणलं, ते चार बोटं आखूड निघालं. त्यामुळे मागच्या बाजूचं डावीकडून तिसरं टिचबटण पुढे कधी लागलंच नाही. आईने तिथे परकराची नाडी ओवून गाठ मारली, आणि पाहुणे गाडीत असले की ती गाठ दिसू नये म्हणून स्वतः तिला टेकून बसायची.

टप काढायचा म्हणजे सगळी टिचबटणं सोडा, कॅनव्हास गुंडाळा, लोखंडी कमानी उपसा, ते सगळं धूड जिन्याने वर नेऊन माळ्यावर टाका. एवढा खटाटोप केल्यावर परत खाली कोण आणणार? दिवाळीनंतर उतरलेला टप जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर चढायचा. मधले सात महिने गाडी उघडीच. भाजीला उघडी, लग्नाला उघडी, माझ्या बारावीच्या परीक्षेला उघडी. लग्नाला जाताना आई केसांवरून पदर ओढून त्याचं टोक दातात धरायची, त्यामुळे रस्ताभर बाबांना तिचा एकही सल्ला मिळायचा नाही. बाबा त्या प्रवासात फार खुशीत असत.

एकदा नोव्हेंबरात तीन हात नाक्याच्या सिग्नलला अवकाळी पावसाने गाठलं. टप माळ्यावर. आईने शांतपणे छत्री उघडली आणि बाबांच्या डोक्यावर धरली, कारण चष्मा त्यांना होता. मी आणि ताई मागे भिजलो. शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्ही वरात आहोत.

पण त्या सात महिन्यांत गावाचा नकाशा नाकाला पाठ झाला. कळव्याच्या पुलावर ओहोटीचा चिखल. तलावपाळीला संध्याकाळी भाजलेली कणसं. आणि येऊरची ती जागा, उपवन मागे टाकून चढ लागला की एका वळणावर हवा एकदम गार होते. माठ ठेवलेल्या कोपऱ्यात शिरावं तशी. बंद गाडीत ते नुसतं वळण आहे. २०१२ मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली आणि मुरबाडचे एक शेतकरी ती घेऊन गेले. नाडीसकट.

एवढं सगळं सांगूनही भाच्याला मी जिप्सी घे म्हणणार नाही. एअरबॅग नाहीत. मागच्या आडव्या बाकड्यांवर पोरं बसवणं आता माझ्याच्याने होणार नाही, तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही एवढंच. उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं, त्यामुळे मिळेल ती जुनीच. पंधरा वर्षं उलटलेली असली तर आरटीओत पुन्हा पास करून घ्या, पर्यावरण कर भरा, दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. घरात दुसरी गाडी आणि हाताशी ओळखीचा मेकॅनिक असेल त्याने जरूर घ्यावी, आणि मला एक फेरी द्यावी.

थारकडे येण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मिठाईचा खोका झाकणासकट पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. आजच्या बहुतेक गाड्यांची बॉडी हाच तो खोका आहे, छत तिच्या ताकदीचा भाग. म्हणून अशा गाडीचं छत काढायचं तर कंपनीला तळ आणि दारांखालचा भाग भक्कम करावा लागतो, त्याने वजन आणि किंमत दोन्ही वाढतात, आणि एवढं करूनही स्पीडब्रेकरवर पुढच्या काचेची चौकट किंचित थरथरलेली हाताला कळते. जिप्सी आणि थार यांची बॉडी वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली असते, ओझं चासी घेते, म्हणून त्यांचा टप कापडाचा असला तरी फार बिघडत नाही. एखाद्या गॅरेजवाल्याने "हार्ड टॉप (पक्क्या छताची) घ्या, कापून देतो" म्हटलं तर मात्र नमस्कार करून निघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

आत्ताची थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली. माझ्याकडे २०२१ ची सॉफ्ट टॉप आहे, २.० लिटर पेट्रोल. जिप्सीतून उतरून तिच्यात बसणं म्हणजे चाळीतून फ्लॅटमध्ये जाणं. चार जणांना पुढे तोंड करून सीट, चौघांना पट्टे, आणि २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या, चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी चार-चार तारे. टप काढला तरी डोक्यावर लोखंडी पिंजरा राहतो. आकाश चौकोना-चौकोनांत दिसतं, पण गाडी उलटली तर तोच पिंजरा आपला. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरावं लागतं. माझ्या सासूबाई एकदा शिरल्या, दुसऱ्यांदा त्यांनी रिक्षा केली.

थारची अडचण त्या पाच-सात मिनिटांत आहे. पुढच्या काचेवरचे खटके, मागच्या खिडक्यांच्या चेनी, मग टप मागे दुमडायचा. काम काहीच नाही. आणि काहीच नाही म्हणूनच होत नाही. निघताना वाटतं पुढच्या पेट्रोल पंपावर उघडू, पंपावर वाटतं येऊरच्या पायथ्याशी उघडू, पायथ्याशी ऊन आलेलं असतं. पहिल्या हिवाळ्यात मी उत्साहात होतो, दुसऱ्या हिवाळ्यात तीनदा उघडला असेल. मग शहाणा झालो आणि बाबांचा कायदा लावला: भाऊबीज झाली की उघडायचा आणि तसाच ठेवायचा. हे जमतं कारण आमचं पार्किंग स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या पोटात खांबांमधे, आहे. गाडीत रुमालसुद्धा ठेवायचा नाही, एवढं पथ्य.

भाच्या, तुझ्या स्टॅकचं बघ. थारची उंची १.८ मीटरच्या पुढे आहे, तुझ्या मजल्याची उंची टेपने मोज, सेक्रेटरीच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि नवीनच हवी असेल तर सॉफ्ट टॉप आत्ताच्या यादीत आहे का ते शोरूमला आधी विचार, व्हेरियंट बदलत असतात. जुनी बघायला गेलास तर दुपारी जा, सगळ्या काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांग आणि मग दार उघडून वास घे. पाणी शिरलेल्या गाडीची मॅट कितीही धुतली तरी कुबट वास लपत नाही.

आता बटणवाल्या. नेरुळच्या मित्राकडे मिनी आहे, थोडी जुनी. पहाटे साडेपाचला वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरकडे त्याच्याबरोबर गेलो. सिग्नलला त्याने बटण दाबलं, छत आधी थोडं सरकलं, थांबलं, मग घडी घालत मागे जाऊन बसलं. कपाटातली इस्त्रीची साडी कोणी अलगद परत ठेवावी तसं. बाजूच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर केली. मग निघालो आणि पहिलं आश्चर्य हे की वारा समोरून येतच नाही. पुढच्या काचेवरून उडालेली हवा मागे पडते आणि सीटच्या मागून उलटी फिरते, त्यामुळे केस पुढे येतात, तोंडावर. मागे जाळीचा पडदा लावला की बराचसा थांबतो, पण तो लावला की मागच्या सीटवर कोणी बसू शकत नाही. तशीही ती सीट माणसांसाठी आहे हे फक्त कागदावर. डिकी २१५ लिटरची, टप उघडला की १६०. एक बॅग आणि एक हापूसची पेटी. झेड-फोरला मागची सीटच नाही, निदान भांडण नाही. डिकी २८१ लिटर, टप उघडा असो वा बंद.

पण मोराज सर्कलपासून किल्ला जंक्शनपर्यंत मित्राने टप तीनदा लावला आणि तीनदा उघडला. डंपर आला, लाव. गेला, उघड. त्यात त्याची चूक नाही. मिनीत आपण इतके खाली बसतो की डंपरच्या चाकाचे नट कानाशी फिरतात आणि धूर थेट मांडीवर. जिप्सीत, थारमध्ये निदान ड्रायव्हरच्या नजरेला नजर देता येते. बटणवालीचा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसला: रात्री साडेनऊला ऑफिसातून सुटल्यावर घरापर्यंतची दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी थारचा टप कोणी काढणार नाही, मित्र मिनीचा उघडतो. जवळजवळ रोज. पैशाचं बोलायचं तर मिनी ऑन-रोड पन्नास लाखांच्या बरीच पुढे जाते, झेड-फोर कोटीच्या घरात.

रस्त्यांचं थोडक्यात. घोडबंदर रोड उघड्या गाडीसाठी विसरा. मेट्रोची कामं, कंटेनर, धूळ, कुठलाच टप तिथे उघडण्यात अर्थ नाही. येऊर पहाटेच. अटल सेतूवर मात्र एकदा जाच. २१.८ किलोमीटर, त्यातले साधारण १६.५ समुद्रावरून, आणि तिथे दुचाकी-रिक्षांना बंदी. म्हणजे १२ जानेवारी २०२४ ला सेतूचं उद्घाटन झाल्यापासून तिथला खारा वारा तोंडावर घ्यायचा तर उघड्या गाडीशिवाय इलाज नाही. टोलच्या आधीच टप उघडा, पुलावर थांबता येत नाही. आणि १०० ला जाऊ नका, परवानगी असली तरी. थारमध्ये त्या वेगाला शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही.

कापडाचं शेवटचं. ओला टप कधीही दुमडून ठेवायचा नाही, जुलैत दोन दिवसांत बुरशी धरते. पाणी जायची भोकं मेच्या शेवटी साफ करा, त्यात पिंपळाची पानं आणि कबुतराची पिसं निघतात. मांजराला कापडी टप म्हणजे बाज वाटते, त्यावर उपाय सापडलेला नाही.

तर भाच्याला माझं मत: स्टॅकमध्ये थार बसत असेल किंवा सोसायटी स्टिल्टची जागा बदलून द्यायला तयार असेल तर जुनी सॉफ्ट टॉप थार, नाहीतर साधी गाडी घे आणि दर हिवाळ्यात माझी घेऊन जा. सनरूफला जास्तीचे पैसे देऊ नकोस. मिनी घेण्याइतका पगार झाला तर आधी मला जेवायला ने.

हे सगळं वाचूनही त्याचं समाधान झालेलं नाही. रविवारी पहाटे पाचला नेरुळच्या मित्राची मिनी मागून घेतली आहे. भाचा येतोय, होणाऱ्या बायकोलाही आणतोय. मागच्या सीटवर कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही.