भाड्याच्या घरात बदलून मिळालेला 15 लिटरचा गीझर: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यावर

गीझर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. 15 लिटर, 2 किलोवॅट, काचेच्या अस्तराची टाकी, 8 बार दाबाचं रेटिंग. यात नवल काही नाही, या किमतीला सगळ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने हेच विकतात. मला लिहायचंय ते त्याच्या निळ्या टोकाला, म्हणजे गार पाणी आत येतं तिथे, बसवलेल्या आणि वाढलेला दाब सोडणाऱ्या बोटभर व्हॉल्व्हबद्दल, आणि मालकाच्या भिंतीवर भाडेकरूच्या गरजेचं यंत्र चढवताना होणाऱ्या कटकटीबद्दल.

जुना गीझर खरंच गेला आहे का, इथूनच वाद सुरू होतो. भाडेकरू म्हणतो गळतोय. मालक म्हणतात वॉशर बदला. मेकॅनिक स्टुलावर न चढता खालूनच निकाल देतो, ‘टाकी गेली, नवा घ्या.’ कोण बरोबर ते स्वतः तपासता येतं. मेन बंद करा, तळाचं प्लास्टिकचं झाकण काढा, पाणी तापवणारं एलिमेंट ज्या गोल लोखंडी प्लेटवर बसलेलं असतं ती फ्लँज फडक्याने कोरडी करा आणि टॉर्च मारून दहा मिनिटं थांबा. नटांच्या कडेने थेंब आले तर गॅस्केट गेलंय. ते स्वस्तातलं रबर आहे आणि गीझर अजून चालणार आहे. पाणी पफच्या (टाकीभोवतीच्या उष्णतारोधक फोमच्या) आतून, बाहेरच्या पत्र्याच्या कडेने तांबूस होऊन येत असेल तर टाकीला भोक पडलंय. काचेच्या अस्तराच्या टाकीला वेल्डिंग करू नये, तिथलं अस्तर उडतं आणि शेजारी नवं भोक पडतं. गळती नाही पण गीझर लावला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, असं असेल तर बहुधा एलिमेंट फुटलंय. मल्टिमीटरवर 2 किलोवॅटच्या एलिमेंटचा रोध 26 ओहमच्या आसपास यायला हवा, आणि टर्मिनल ते बॉडी काहीच वाचन यायला नको. आलं तर फक्त एलिमेंट बदला.

हा तपास फोनवर व्हिडिओ काढत करा. झाकण उघडलेलं, गळतीची जागा, आणि बाजूच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि उत्पादनाचं वर्ष, एवढं एका व्हिडिओत आलं की मालकांशी होणारं निम्मं बोलणं वाचतं. ‘काका, गीझर बंद पडलाय’ या मेसेजला ‘बघतो’ असं उत्तर येतं. ‘काका, टाकी फुटलीय, व्हिडिओ पाठवलाय, दोन दुकानांचे भाव खाली लिहिलेत, मी बसवून घेऊ का?’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

पैसे कोणी द्यायचे? महाराष्ट्रात बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर असतात. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. पण गीझर कोणी बदलायचा हे त्या करारात काय लिहिलंय त्यावरच ठरतं, आणि तिथे एजंटच्या ठरलेल्या मसुद्यातलं ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ एवढंच वाक्य असतं. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा कोणी दाखवला तर एक लक्षात घ्या: वेगळं ठरलं नसेल तर गीझरची दुरुस्ती त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत चक्क भाडेकरूच्या यादीत आहे, आणि नळाचे पाईप बदलणं, वायरिंग हे मालकाच्या. तो राज्यांनी घ्यावा म्हणून केलेला नमुना आहे हे खरं, पण त्याच्या आधारे मालकाशी भांडायला जाऊ नका, उलटाच पडेल. माझं मत विचाराल तर दुरुस्ती वेगळी आणि टाकी फुटणं वेगळं. फ्यूज, चुन्याची सफाई भाडेकरूने करावी. गीझर, व्हॉल्व्ह आणि भिंतीतलं जे काही ते मालकाचं, कारण घर सोडताना ते भिंतीवरच राहणार आहे. भाड्यातून वळते करायचं ठरलं तर मालकांचा होकार मेसेजवर घ्या, आणि घरभाडे भत्त्यासाठी पावत्या लागत असतील तर पावती पूर्ण भाड्याची आणि गीझरची रक्कम वेगळी दाखवून घ्या.

जुना गीझरही मालकाचाच असतो, हे मेकॅनिक सोयीने विसरतो. तांब्याच्या टाकीचे जुने गीझर भंगारात चांगले पैसे देतात. ‘घेऊन जातो, तुमची अडगळ कमी’ म्हणणाऱ्याला आधी मालकांना विचारायला लावा, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटमधून कापून घेतील.

बिल मालकाच्या नावाने आणि फ्लॅटच्या पत्त्यावर हवं. पण वॉरंटी प्रत्यक्षात चालते मोबाइल नंबरवर. दुकानदार बिलावर ज्याचा नंबर टाकतो त्याच्याकडे तक्रारीचा ओटीपी जातो. मालक नाशिकला, मेकॅनिक बाथरूममध्ये आणि ओटीपी अशा फोनवर जो दुपारी सायलेंट असतो: अशी तक्रार ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून बंद होते. नोंदणी करतानाच दुसरा नंबर म्हणून स्वतःचा द्या. ‘बिल तुमच्या नावावर नाही’ म्हणून सर्व्हिस सेंटरने हात झटकले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 2(7) दाखवा: खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर हे एवढं सांगितलं तरी तक्रार नोंदवून घेतात.

आता यंत्राकडे. मालक 15 लिटरवर अडून बसले तेव्हा तो कंजूषपणा वाटला होता. हिवाळा गेल्यावर मत बदललंय. 15 लिटर पाणी 60 अंशांवर नेऊन 20 अंशांच्या पाण्यात मिसळलं तर 40 अंशांचं 30 लिटर मिळतं, म्हणजे भरगच्च दीड बादली. बादलीने आंघोळ करणाऱ्या दोघांना एकामागोमाग ते पुरतं, कारण पहिला आंघोळ करत असताना एलिमेंट कामाला लागलेलंच असतं. 20 वरून 60 ला जायला साधारण 21 मिनिटं आणि 0.7 युनिट. शॉवर घेणाऱ्यांनी मात्र 25 लिटरचाच हट्ट धरावा. मिनिटाला 8 लिटरचा शॉवर 30 लिटर चार मिनिटांत संपवतो. स्टार रेटिंगवर मालकांनी जास्त पैसे घालावेत म्हणून भांडू नका. ते स्टार ठरतात बंद टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता निसटते त्यावर. अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घरात पाच स्टारचा फायदा वीजबिलात शोधून सापडत नाही.

बसवण्यात एक सापळा असतो. नव्या गीझरच्या मागच्या पट्टीतल्या भोकांचं अंतर जुन्या बोल्टशी जुळेलच असं नाही. जुळलं नाही की टाइलमध्ये नवी भोकं आली, आणि टाइल तडकली की डिपॉझिटचा विषय आला. घेण्यापूर्वी जुन्या बोल्टमधलं अंतर मोजून न्या. ‘फ्री इन्स्टॉलेशन’मध्ये कनेक्शन पाईप आणि अँकर बोल्ट धरलेले नसतात. जुने पाईप परत लावू देऊ नका, त्यांची रबरं कडक झालेली असतात. प्लग 16 अँपियरचाच हवा. 2 किलोवॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपियर, 6 च्या सॉकेटवर तो वितळतो. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, कोरडं एलिमेंट मिनिटांत जळतं.

आणि तो व्हॉल्व्ह. गीझर लावला की त्यातून थेंब पडतात, आणि प्रत्येक मालक, प्रत्येक शेजारी आणि निम्मे प्लंबर म्हणतात ‘नवीन गीझर गळतो’. तो गळत नाही. 15 लिटर पाणी 20 वरून 65 अंशांवर गेलं की सुमारे 1.8 टक्के फुगतं, म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त. पूर्वी हे वाढलेलं पाणी आल्या वाटेने गच्चीवरच्या टाकीकडे परत जायचं. आता व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न बसवलेला असतो, परतीची वाट बंद, म्हणून दाब ठरलेल्या मर्यादेला गेला की पाणी बाजूच्या तोटीतून थेंबाथेंबाने बाहेर. ‘आधीचा कुठे गळायचा?’ याचं उत्तर हे. तापत असताना थेंब येणं ठीक आहे. गीझर गार असतानाही येत असतील तर दोन शक्यता: व्हॉल्व्हच्या आतल्या सीटवर, म्हणजे त्याचं झाकण जिथे टेकतं तिथे, कचरा अडकलाय (लिव्हर चार-पाच वेळा उचलून सोडा, बहुतेकदा निघून जातो), किंवा सोसायटीचा प्रेशर पंप जास्त दाब देतोय आणि लाइनवर प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह लागणार, जे काम सोसायटीचं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार, हे धरून गच्चीपासूनचा दाब स्वतः काढता येतो.

या तोटीला बूच मारणारे, टेफ्लॉन गुंडाळून ती बंद करणारे प्लंबर आहेत. त्यांना घराबाहेर काढा. थर्मोस्टॅट चिकटला आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही तर वाफेच्या दाबाला बाहेर पडायला ही एकच वाट असते. हवी असते ती फक्त तोटीला जोडून फ्लोअर ट्रॅपपर्यंत (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीपर्यंत) सोडलेली हातभर पारदर्शक नळी, जी कंपनी खोक्यात देत नाही. हजारोंच्या गीझरमध्ये वीस-तीस रुपयांची नळी नाही! एवढ्यासाठी मी पाचातला एक स्टार कापलाय आणि तो परत देणार नाही. नळी उताराने सोडा, टोक उघडं ठेवा.

चुन्याचं पुण्यात दोन घरांत दोन वेगळी गणितं निघतात. धरणाचं महापालिकेचं पाणी सौम्य. बोअरवेल किंवा टँकर आला की एलिमेंटवर पांढरे पापुद्रे, तापताना चुरचुर आवाज, आणि 21 मिनिटांची पस्तीस. तापमानाचा नॉब 50-55 अंशांवर ठेवला तर चुना बराच सावकाश धरतो. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, तो टाकीऐवजी स्वतः गंजतो. तो संपला की पोलादाची पाळी. बहुतेक वॉरंटी कार्डांत टाकीवर 5 ते 7 वर्षं लिहिलेली असतात आणि बारीक अक्षरांत अॅनोड वगळलेला असतो. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला तो बदलण्यात रस नाही, मालकाला तो आहे हेच ठाऊक नाही. म्हणून भाड्याच्या घरातले गीझर लवकर मरतात.

करार पुन्हा करताना एक ओळ घालून घ्या: ‘गीझरची वर्षातून एकदा फ्लँज उघडून सफाई भाडेकरूने करावी, अॅनोड रॉड व गॅस्केटचा खर्च मालकाने द्यावा.’ सफाईच्या दिवशी वीज बंद, इनलेट कॉक बंद, गरम नळ उघडा, व्हॉल्व्हचा लिव्हर उचलून टाकी रिकामी करायची. पापुद्रे हाताने आणि सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने काढा, टाकीत स्क्रूड्रायव्हर घालू देऊ नका. रॉड पेन्सिलीहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर नवा टाका, आणि गॅस्केट दरवेळी नवंच.