सल्ला कुणाचा, खिडकीचा की मेंटर सरांचा?
नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे श्रेयांक. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय) सगळं जुळवायचं. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात विषय निवडीच्या सल्ल्याच्या दोन्ही तऱ्हा पाहिल्या: एक चौकशीची खिडकी, दुसरे मार्गदर्शनासाठी नेमलेले मेंटर सर. ऑफिसशेजारच्या खिडकीवर उत्तर झटपट, नियमही चोख. पण समोरचं पोर पनवेलहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतं, हे तिथल्या मॅडमना कुठून कळणार? त्याने मायनर घेतला तोही सकाळी सातचा! मेंटर सरांना ते ठाऊक. त्यांनी वेळापत्रक पुढ्यात ओढलं, पेन्सिलीने सकाळचे तास खोडले आणि दुपारचा विषय सुचवला. फक्त सर सापडायला हवेत. परीक्षेच्या दिवसांत एक वेळ देव भेटेल! तरी माझं मत मेंटरलाच. खिडकी क्रेडिट्सची बेरीज तपासायला ठेवावी.